चाळीस मीटरचा संसार

ग्लेनिस समुद्रकाठच्या सुट्टीच्या तळावरच्या सामाईक न्हाणीघरात अंघोळीला गेली तेव्हा तिच्या अंगात गाऊन, हातात टॉवेल, साबणाची डबी आणि पायात रबरी चपला, एवढाच काय तो संसार होता. परत आली तर तिच्या कॅरव्हॅनच्या दाराला पाठ लावून एक एलिफंट सील झोपलेला.

झोपलेला म्हणजे कसा, तर सासुरवाडीला आलेला जावई जेवल्यावर आडवा होतो तसा. लांबीला मोटारीएवढा, नाक लोंबलेलं, आणि कातडीचे पोपडे सुटून खाली पडत होते. या प्राण्याला वर्षातून एकदा कात टाकायला किनाऱ्यावर यावं लागतं. सगळा प्रशांत महासागर सोडून त्याला ग्लेनिसचीच पायरी सापडली. वास तर विचारूच नका. ग्लेनिसने टॉवेल नाकाला लावला आणि हाक मारली.

"केल्विन!"

"हं," आतून आवाज आला.

"दारात सील आहे."

"हं."

केल्विन हा तिचा नवरा. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं, त्यामुळे तो आत अडकला होता, आणि त्याच्या 'हं'मध्ये काळजीचा लवलेशही नव्हता. खिडकीतून निघावं तर ते त्याच्या पोटाला जमण्यासारखं राहिलं नव्हतं. पूर्वी जमलं असतं. पूर्वी पुष्कळ गोष्टी जमल्या असत्या.

थोड्या वेळात रेंजर बाई आली. किरा तिचं नाव, वय जेमतेम पंचविशीचं, आणि नियम सगळे तोंडपाठ. जमिनीवर आलेल्या सीलपासून माणसांनी चाळीस मीटर लांब राहायचं, असा कायदा आहे. तिने गाडीतून नारिंगी शंकू काढले आणि कॅरव्हॅनभोवती भलंमोठं रिंगण घातलं. त्यात आजूबाजूच्या सगळ्या जागा आल्या. लोकांना कॅरव्हॅन, तंबू, शेगड्या, खुर्च्या, वाळत घातलेले कपडे सगळं उचलून मागे सरकावं लागलं. समोर समुद्र असलेली पहिली रांग मिळवायला इथे लोक पिढ्यान्‌पिढ्या थांबतात, बापाची जागा मुलाला जाते. शेजारचा बर्ट तर असा चेहरा करून मागे सरकला, की जणू त्याला वडिलोपार्जित घरातून हाकललंय.

"आणि माझ्या नवऱ्याचं काय?" ग्लेनिसने विचारलं. ती अजून न्हाणीच्या गाऊनमध्येच होती.

किराने जरा विचार केला. "ते आधीपासूनच आत होते. म्हणजे ते सीलच्या जवळ गेले नाहीत, सील त्यांच्या जवळ आला. नियम माणसांना आहे, सीलला नाही. ते आत बसून राहिले तर काही गुन्हा नाही."

"आणि दार ढकलून बाहेर आला तर?"

"मग त्यांनी सीलला त्रास दिला असं होईल. त्याला दंड आहे."

"म्हणजे आत आहे तोवर साधू आणि बाहेर आला की चोर?"

"थोडक्यात सांगायचं तर हो," किरा म्हणाली. वर तिने असंही सांगितलं की कात टाकायला दोन-तीन आठवडे सहज लागतात.

दोन-तीन आठवडे! ग्लेनिसने बोटांवर दिवस मोजले. शुक्रवारी त्यांना सिडनीला जायचं होतं.

ही सिडनीची गोष्ट नीट सांगायला हवी. केल्विन आणि ग्लेनिस आतल्या गव्हाच्या मुलखातले. त्याचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं, ते दोन वर्षांपूर्वी विकलं. लग्न झाल्यापासून दर फेब्रुवारीत ते याच किनाऱ्यावर, याच जागी यायचे. दरवर्षी ग्लेनिस म्हणायची, इथून पुढे सिडनीला जाऊ या, तो पूल बघू, बोटीतून फिरू. आणि दरवर्षी केल्विन म्हणायचा, "पुढच्या वर्षी." मुलं मोठी होऊन गेली, दुकान गेलं, आणि दोघांतलं बोलणं वाळत वाळत चहा, पेट्रोल आणि 'हं' यांवर आलं. त्या घरात ग्लेनिसला एखादे दिवशी आपलाच आवाज ऐकून दचकायला व्हायचं. म्हणून तिने मनाशी पक्कं ठरवलं होतं: या खेपेला त्याने सिडनी टाळली, तर आपण एकटीने जायचं आणि परत यायचं नाही. तिची बहीण वाल्डा सिडनीत खाडीपलीकडे राहते, तिच्या परसातली खोली रिकामी आहे. वाल्डाने खोली झाडूनही ठेवली होती. केल्विनला यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

आणि आता ह्या बुवाला सिडनी टाळायला तोंडसुद्धा उघडावं लागणार नव्हतं. त्याच्या वतीने दोन हजार किलोचा सील दारात पडला होता.

बर्टच्या बायकोने, मॉरीनने, ग्लेनिसला आपल्या तंबूत खाट दिली आणि स्वतःचा एक झगा दिला. मॉरीन अंगाने ग्लेनिसच्या दुप्पट, आणि झग्यावर हे एवढाले पोपट. ग्लेनिस त्यात दोनदा गुंडाळली गेली.

संध्याकाळी ग्लेनिस घडीची खुर्ची घेऊन शंकूंच्या रेषेशी जाऊन बसली. तिच्या मागे सगळा तळच खुर्च्या मांडून बसला. इथल्या लोकांना दुसऱ्याची कॅरव्हॅन मागे घेताना नवराबायकोचं कसं भांडण होतं ते बघायची तशी सवयच आहे. हे तर त्याहून सरस.

"जेवलास का?" ग्लेनिस ओरडली.

कॅरव्हॅनची खिडकी अर्धी उघडी होती. आत केल्विनची आकृती दिसत होती. काही ऐकू आलं नाही.

"काय? जेवलास का?"

आता 'हं' हा शब्द घरात चालतो. बिछान्यात चालतो, मोटारीत चालतो. चाळीस मीटरवर तो पोचत नाही. केल्विनने दोनदा 'हं' करून पाहिलं असावं, कारण खिडकीत त्याची मान दोनदा हलली. मग त्याने खाकरून घसा साफ केला.

"जेवलो!"

"काय खाल्लंस?"

"डब्यातले बीन्स!"

"गरम केलेस का?"

"नाही!"

"अरे गरम करून खा की, दोस्ता!" मागून बर्ट ओरडला. "आधीच आत कोंडलायस, वर पोटात वारा धरला म्हणजे?"

सगळे खिदळले. ग्लेनिसला लाज वाटली, आणि तिचं तिलाच नवल वाटलं, कारण तीही हसत होती. मग तिने त्याला रक्तदाबाच्या गोळीची आठवण करून दिली. त्यानंतर तळावरचा जो तो येता-जाता "केल्विन, गोळी!" असं ओरडून जाऊ लागला.

सोमवारपासून तळावर सोडत सुरू झाली. मांसाच्या ट्रेची सोडत ही इथली जुनी रीत. खाटकाकडून सॉसेज, चॉप्स आणि बेकनने भरलेला ट्रे आणायचा, चिठ्ठ्या विकायच्या आणि पैसे किनाऱ्यावरच्या जीवरक्षकांना द्यायचे. या वेळी चिठ्ठीवर सील कोणत्या दिवशी उठून जाईल तो दिवस लिहायचा होता. सीलचं नावही ठेवलं गेलं, क्लाइव्ह. कुणाचा तरी मेहुणा असाच दिसायचा म्हणे.

ग्लेनिसपुढे दिवसभर करायचं काय, हा प्रश्न होता. सुट्टीत ती नेहमी केल्विनच्या खुर्चीशेजारी खुर्ची मांडायची, आणि तो रेडिओवर क्रिकेट ऐकायचा. आता ती पोपटांच्या झग्यात एकटी निघाली. मॉरीनकडून उसने पैसे घेऊन बोटीने समोरच्या बेटावर गेली, पेंग्विन बघून आली. आल्या आल्या खुर्चीत बसून ओरडली, "पेंग्विन पाहिले!"

"कसे होते?"

ग्लेनिस खुर्चीत पुढे सरकली. केल्विनने प्रश्न विचारला होता. "किल्ल्या कुठायत" सोडून त्याने मागचा प्रश्न कधी विचारला होता ते तिला आठवेना.

"ठेंगणे!" तिने ओरडून सांगितलं. "पाण्यातून बाहेर येतात, घोळका करून उभे राहतात, इकडेतिकडे बघतात, आणि मग सगळे मिळून एकदम धूम ठोकतात!"

"धूम कशाला?"

"घरी जायचं असतं ना!"

"घरी जायला एवढी घाई?" केल्विन ओरडला, आणि आत एकटाच मोठ्याने हसला. त्याचं हसू चाळीस मीटर ओलांडून स्पष्ट ऐकू आलं. क्लाइव्हने मान उचलली, एक जोरदार ढेकर दिली आणि पुन्हा मान टाकली.

मग रोज संध्याकाळी हेच. ग्लेनिसने दिवसभर पाहायचं आणि संध्याकाळी ओरडून सांगायचं. टेकडीवर कांगारू मैदानातल्या फुटबॉलच्या खांबाला अंग घासत होता. कुकाबुरा पक्ष्याने शेगडीवरून बर्टचा सॉसेज पळवला आणि तो मेलेला नाही असं वाटून दगडावर आपटून आपटून मारला. ती एखादी गोष्ट विसरली तर केल्विन आतून आठवण करून द्यायचा. "काल डॉल्फिनचं अर्धंच सांगितलंस!" तिचा घसा बसला. मॉरीनने तिला मध घालून पाणी दिलं.

बुधवारी ती काही बोलायच्या आधी केल्विनच ओरडला.

"ग्लेनिस! दुकान विकलं ना, त्या दिवशी मी मागच्या शेडमध्ये जाऊन रडलो होतो!"

बर्टच्या हातातला बियरचा डबा तोंडाशी जाऊन तिथेच थांबला.

"मला का नाही सांगितलंस?" ग्लेनिस ओरडली.

"तू चहा करत होतीस!"

"अरे, मग मी चहा ठेवला असता बाजूला!"

"उतू गेला असता!"

ग्लेनिसला हसावं की रडावं कळेना. तिने दोन्ही केलं. मागे मॉरीन पोपटांचाच दुसरा झगा घालून डोळे पुसत होती. "आमच्या ध्यानालाही कुठेतरी कोंडायला हवं," ती म्हणाली.

"मी काय केलं?" बर्ट म्हणाला.

"तेच तर. तू काही करतच नाहीस."

त्या रात्री खाटेवर पडल्या पडल्या ग्लेनिसला वाटलं, वाल्डाला फोन करून सांगावं की राहू दे, मी येत नाही. सील गेला की दोघं मिळून येऊ, चार दिवस राहू आणि परत जाऊ. बिचारा अडकलाय आत. बाहेर असता तर आला असता माझ्याबरोबर. तिला पूर्ण खात्री वाटली. त्या खात्रीने तिला इतकं बरं वाटलं की ती लगेच झोपली.

गुरुवारी ती मॉरीनची दुर्बीण घेऊन दीपगृहाकडे पक्षी बघायला गेली. पण टेकडीवर माश्यांनी इतकं भंडावलं, की अर्ध्यातूनच परत फिरली. अकराचा सुमार होता. अकरा वाजले की तळावरचे सगळे चहा आणि केक खायला मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जातात, रेंजर बाई मीट-पाय, म्हणजे खिमा भरलेली पेस्ट्री, खायला गावात जाते. युद्ध सुरू झालं तरी ही वेळ चुकायची नाही. ग्लेनिसने वाटेवर उभं राहून सहज दुर्बीण डोळ्याला लावली आणि आपली कॅरव्हॅन शोधली.

क्लाइव्ह पायरीशी नव्हता. तो समुद्रात होता. उन्हाने तापून पाण्यात उतरला होता आणि आरामात लोळत होता.

आणि कॅरव्हॅनचं दार सताड उघडं होतं. पायरीवर केल्विन बसला होता. अर्धी चड्डी, बनियन, हातात चहाचा मग, आणि पाय उन्हात पसरलेले.

ग्लेनिसने दुर्बीण पुसून पुन्हा लावली. तोच होता. त्याने चहा संपवला, मग उठून बादलीभर पाणी आणलं आणि पायरीपुढची चटई भिजवली. चटईवर टॉवेल अंथरला. तिचा, समुद्रावर न्यायचा, चांगला निळा टॉवेल. मग समुद्राकडे बघून त्याने हलकेच शीळ घातली. तेवढ्यात क्लाइव्ह पाण्यातून वर निघाला आणि गचके खात निघाला पायरीकडे. केल्विन आत गेला, दार ओढून घेतलं. क्लाइव्ह टॉवेलवर आडवा झाला आणि दाराला टेकला. जसं काही घडलंच नाही.

हे एका दिवसात जमलेलं नव्हतं. म्हणजे रोज! रोज अकरा वाजता तो बाहेर पडू शकत होता. तो अडकला नव्हता, लपला होता. नवऱ्याने सील पाळला होता, बायकोपासून वाचायला.

ग्लेनिसच्या अंगाचा तिळपापड झाला. तिला वाटलं तसंच खाली धावत जावं आणि सगळ्या तळाला जमवून सांगावं. पण इतके दिवस जे लोक डोळे पुसत होते, त्यांच्यापुढे हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

संध्याकाळी ती खुर्चीत बसली, पण बोलेना.

"आज काय पाहिलंस?" खिडकीतून केल्विन ओरडला.

"एक प्राणी पाहिला!" ग्लेनिस ओरडली. "फार दुर्मीळ! बिळाच्या तोंडाशी बसून चहा पीत होता!"

खिडकीतली केल्विनची मान झटकन आत गेली.

"वॉम्बॅट असेल, बिळातच राहतो तो," मागून बर्ट म्हणाला.

"वॉम्बॅट कधी चहा पितो का?" मॉरीन म्हणाली.

"दुर्मीळ म्हणाली ना ती!"

ग्लेनिसने खुर्चीची घडी घातली आणि ती उठून गेली. खिडकी बंद झाल्याचा आवाज तिने पाठीमागे ऐकला. तिने मॉरीनच्या फोनवरून वाल्डाला फोन केला. "उद्या येते," एवढंच सांगितलं.

शुक्रवारी अकरा वाजता सगळे शेडमध्ये गेले. बाराची बस होती. ग्लेनिसने आयुष्यात लाल दिव्याला रस्ता ओलांडला नव्हता, वाचनालयाचं पुस्तक उशिरा दिलं नव्हतं. ती नारिंगी शंकू ओलांडून सरळ चालत गेली. केल्विन पायरीवरच होता. ती येणार हे त्याला ठाऊक असावं, कारण त्याने दोन मग भरून ठेवले होते. क्लाइव्ह पाण्यात फुरफुरत होता.

"माझी पर्स दे," ग्लेनिस म्हणाली. "बाराच्या बसने जातेय. वाल्डाकडे."

"किती दिवस?"

"दिवस नाहीत, केल्विन. कायमची. तू सिडनी पुन्हा टाळलीस तर परत यायचं नाही, असं मी घरून निघतानाच ठरवलं होतं. तू टाळलीस. त्यासाठी माझा निळा टॉवेलसुद्धा घातलास खाली."

केल्विनच्या तोंडावरचा रंगच उडाला. इतकी जवळ उभी असलेली बायको बघून त्याला सगळे शब्द अवघड झाले होते. ती वाट बघत उभी राहिली. मग तो मगाकडे बघत एकेक शब्द काढू लागला.

"सोमवारी क्लाइव्ह पाण्यात गेला तेव्हाच मी बाहेर आलो होतो. तुला हाक मारणार होतो. मग वाटलं, बाहेर पडलो की आपण गाडीत बसणार. तू नकाशा बघणार, मी रस्ता. सहा तास. बोलायचं काय?" त्याने मग खाली ठेवला. "आणि आदल्या संध्याकाळी तू बीन्स विचारले होतेस. किती वर्षांनी कुणीतरी मला एवढ्या जोरात काहीतरी विचारलं. म्हटलं, आणखी एक संध्याकाळ. मग आणखी एक."

"मग हेच तिकडे ओरडून सांगायचं होतंस!"

"हे ओरडून सांगण्यासारखं नव्हतं गं. आणि जवळून मला सांगता येत नाही."

ग्लेनिसला त्याचा राग आला, कीव आली, आणि त्या निळ्या टॉवेलचं दुःख झालं. सगळं एकदमच. तिकडे क्लाइव्ह पाण्यातून निघाला होता.

"तो येतोय," ती म्हणाली. "आत बस नाहीतर बाहेर ये. मी थांबणार नाही. आणि आलास म्हणून मी परत येईनच, असंही नाही."

केल्विन आत घुसला. तिला वाटलं, झालं, संपलं. पण तो तिची पर्स घेऊन बाहेर आला. घाईत बूट मात्र विसरला.

तेवढ्यात बर्ट शेडमधून बाहेर आला आणि त्याने बोंब ठोकली. "सील उठला! शुक्रवार! माझी चिठ्ठी शुक्रवारची आहे!"

सगळे केकसकट धावत आले. "उठला कुठे, परत येतोय!" "पण उठला होता ना!" "केल्विन सुटला, त्याचं काय?" एवढ्यात किरा मीट-पाय खात खात पोचली आणि तिच्या हातातला मीट-पाय खाली पडला.

"तुम्ही दोघं चाळीस मीटरच्या आत आहात!" ती ओरडली.

"बाहेरच चाललोय!" ग्लेनिस ओरडली.

"पळू नका! पळालात तर त्रास दिला असं होईल! सावकाश चाला! त्याच्याकडे बघू नका!"

झालं. एका बाजूने क्लाइव्ह गचके देत पायरीकडे निघालेला, रस्त्यावर बस भोंगा वाजवतेय, आणि पोपटांच्या झग्यातली ग्लेनिस आणि बनियनमधला अनवाणी केल्विन लग्नाच्या मिरवणुकीसारखे एकेक पाऊल टाकत निघालेत. सगळा तळ श्वास रोखून बघत होता. शंकूंच्या रेषेपलीकडे पाय पडला तशा टाळ्या झाल्या. क्लाइव्ह टॉवेलवर लवंडला. ट्रे कुणाला द्यायचा यावरून बर्ट आणि किराची जी जुंपली, ती बस सुटेपर्यंत ऐकू येत होती.

बसमध्ये दोघं शेजारी बसले. केल्विनने सांगितलं होतं तसंच झालं. तिने खिडकीबाहेर बघितलं, त्याने समोर. गाव गेलं, जंगल गेलं, दुधाच्या गायींची कुरणं गेली. त्याने तीनदा घसा साफ केला आणि तिन्ही वेळा गप्प बसला. शेवटी तिने आशा सोडली आणि मान टेकून डोळे मिटले.

सिडनीच्या धक्क्यावर अनवाणी माणसाकडे कुणी ढुंकून बघितलं नाही. पूल समोर होता, संध्याकाळच्या उन्हात ऑपेरा हाऊस पांढरंशुभ्र दिसत होतं. ज्यासाठी ग्लेनिसने इतकी वर्षं काढली, ते सगळं एका नजरेत मावत होतं.

"बघ," ती म्हणाली.

"हं," केल्विन म्हणाला.

ग्लेनिसच्या डोळ्यांत पाणी आलं. ती बोटीत चढली आणि मागच्या बाकावर बसली. पलीकडच्या धक्क्यावर वाल्डा घ्यायला येणार होती. केल्विन तिच्याशेजारी बसला. बोट सुटली. थोड्या वेळाने तो उठला, आणि काही न बोलता माणसांतून वाट काढत पार पुढच्या टोकाला निघून गेला. पाठमोरा, बनियनमधला, कठड्याला धरून. आता शेजारी बसणंही होत नाही याच्याच्याने, तिला वाटलं. तिने वाल्डाच्या धक्क्याकडे तोंड फिरवलं.

"ग्लेनिस!"

ती दचकली. बोटीवरची माणसंही दचकली. केल्विन कठड्याला पाठ लावून तिच्याकडे तोंड करून उभा होता, आणि मधल्या सगळ्या डोक्यांवरून बेंबीच्या देठापासून ओरडत होता.

"ग्लेनिस! मला बोलता येत नाही! मी शिकेन की नाही माहीत नाही! पण तू नसलीस तर मी गप्प कुणाजवळ बसू?"

बोट धक्क्याला लागत होती. इंजिन बंद झालं तरी तो ओरडतच होता. "दुसऱ्या कुणाजवळ मला गप्पसुद्धा बसता येत नाही गं!"

कुणीतरी फोटो काढला. एका छोट्या मुलीने आईला विचारलं, ते आजोबा का ओरडतात. धक्क्यावर वाल्डा हात हलवायचा विसरून तशीच उभी होती.

ग्लेनिस उठली. घसा तर आधीच बसलेला, त्यात आता हुंदका. तरी तिने जोर लावला.

"वाल्डा!" ती धक्क्याकडे तोंड करून ओरडली. "दोन उशा काढ गं!"